दोन वाजेपर्यंत

त्या उन्हाळ्यात गोठ्यातली तीन पारडी एका पंधरवड्यात गेली. तोंडाला फेस, पोट टम्म, आणि सकाळी बघावं तर पाय ताठ. गुरांचा डॉक्टर आला, त्याने हात धुतले, चहा घेतला, उरलेली वेगळी बांधा म्हणाला आणि गेला. रोगाचं नाव त्यालाही सांगता आलं नाही. पारडं गेलेल्या म्हशीचं पुढचं सगळं अवघड असतं. कासेखाली बसलं की ती अंग आखडून घेते, दूध वर चढवते, आणि अर्धा तास बोटं मोडली तरी बादलीचा तळ झाकत नाही. म्हणून गोठ्याच्या कोनाड्यात पान्ह्याच्या इंजेक्शनच्या बाटल्या आल्या. बोटाएवढी काचेची बाटली, तिच्यावर निळी पट्टी, पट्टीवर बारीक अक्षरं. सुई टोचली की दोन मिनिटांत म्हैस सैल पडायची आणि बादलीत धार वाजायला लागायची.

सुई टोचायचं काम धाकटीकडे होतं. घरात दोन सुना, थोरली आणि धाकटी. नावं त्यांना माहेरी होती, इथे कुणाला लागली नाहीत. थोरलीचा हात जड. तिने सुई उचलली की म्हैस दाव्याला हिसडे द्यायची. धाकटी मात्र डाव्या हाताने मानेवर थोपटत, काहीबाही बोलत, कधी टोचून मोकळी व्हायची ते म्हशीलाही कळायचं नाही. तिला स्वतःला नववा लागला होता. पोट मांड्यांवर टेकवून, गुडघे फाकवून अकरातल्या सहा म्हशी ती पिळायची आणि पाच थोरली. दोघींचे नवरे वैरण कापायचे, कॅन भरून टेम्पोत चढवायचे. सासूबाई दारातल्या खाटेवर बसून कोण किती हात हलवतं ते बघायच्या. गुडघ्यांनी त्यांना कधीच दगा दिला होता, जीभ शाबूत होती.

धाकटीच्या मनात त्या दिवसांत एकच गोष्ट होती. हे बाळंतपण आपलं आपण व्हावं, पोट फाडायला लागू नये.

पहिल्या खेपेला फाडलं होतं. चार वर्षांपूर्वी शहरातल्या मोठ्या इस्पितळात दीड दिवस कळा काढल्यावर कुणीतरी तिच्या नवऱ्याची कागदावर सही घेतली, कुणीतरी तिला ढकलगाडीवर घातलं, आणि ती जागी झाली तेव्हा मुलगी टॉवेलात गुंडाळून थोरलीच्या मांडीवर होती. सगळ्यांचं बघून झालं होतं. आईचा नंबर शेवटचा. पुढे टाके पिकले. दोन महिने तिला उकिडवं बसता आलं नाही. खोकला आला तरी उशी पोटाशी धरावी लागायची. आता उकिडवं न बसणाऱ्या बाईचा गोठ्याच्या घरात उपयोग काय? अकराच्या अकरा म्हशी एकट्या थोरलीने पिळल्या. तिच्या बोटांचे सांधे सुजले ते कायमचेच. अजूनही थंडीत दुखायला लागले की ती ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "आम्ही काय पोरं झाडावरून तोडून आणली होती?"

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्या हसून बोलायच्या. घरी आलेल्या कुणी चार वर्षांच्या चिमीचं कौतुक केलं की म्हणायच्या, "पोरगी गोड आहे हो, पण हिला बाळंतपण नाही ठाऊक. हिला तयार काढून हातात दिलंय." आलेली माणसं हसायची. धाकटी कप गोळा करायची. उरलेला चहा कुणाच्या तरी तोंडावर फेकावा असं तिला दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी ती कप विसळून पालथे घालायची.

बोलून बोलून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. म्हैस व्यायला लागली की ती हातातलं काम टाकून बाजूला उभी राहायची. आधी दोन खूर, मग त्यांच्यावर टेकलेलं नाक, मग एकदम सबंध पारडू खाली ओघळायचं आणि म्हैस वळून चाटायला लागायची. एवढं म्हशीला जमतं ते आपल्याला का जमलं नाही, हे तिने कधी कुणाला विचारलं नाही. विचारणार तरी कुणाला?

बाजाराच्या गावात एक डॉक्टरीणबाई होत्या. चार खाटांचा दवाखाना, खाली औषधांचं दुकान, वर जायला अरुंद जिना. आसपासचे बाकीचे डॉक्टर एकदा फाडलेलं पोट दिसलं की लगेच पुढची तारीख लिहून द्यायचे. या मात्र थांबायला तयार असायच्या. बाई तशी तुसडी. केसांत पेन खोचलेलं, आपल्याशी बोलताना भलतंच काहीतरी लिहीत बसणार. पण त्यांनी जुना कागद दोनदा वाचला, पोट चाचपलं, जुन्या व्रणावर बोट दाबून दुखतं का विचारलं, आणि म्हणाल्या, "छेद आडवा आहे. चार वर्षं झालीत. मूल बेताचं आहे. तुझं जमेल."

"जमेल?" धाकटीने पुन्हा विचारलं.

"लिहून कोण देणार? पण प्रयत्न करू. कळा मात्र तुझ्या तुला यायला हव्यात. सुई, सलाईन लावून मी त्या वाढवणार नाही. आपोआप झालं तर झालं, नाही तर सरळ ऑपरेशन. त्याचं कारण असं की..."

तेवढ्यात फोन वाजला. कुठेतरी कुणाचं मूल आडवं आलं होतं. डॉक्टरीणबाई फोन कानाला लावूनच जिना उतरल्या आणि ते कारण सांगायचं राहून गेलं. धाकटीलाही त्याचं काही वाटलं नाही. तिला ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. तुझं जमेल, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, तिच्या आईनेसुद्धा नाही.

घरी सांगितलं तेव्हा नवरा मान खाजवत म्हणाला, "आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर मागच्यासारखं."

"तेच म्हणतो मी. मागच्यासारखं झालं तर वहिनी एकटी किती करणार?"

वहिनी तिथेच म्हशींचं आंबोण कालवत होती. कोपरापर्यंत हात भरलेले. ती न वळता म्हणाली, "बाई जमेल म्हणाल्या ना? मग जमेल. मी जाते हिच्याबरोबर दवाखान्यात, तुम्ही वैरणीचं बघा." हे मायेपोटी की सहा म्हशींच्या धास्तीपोटी, ते धाकटीला कळेना. थोडं हे थोडं ते असेल, असं तिने धरलं आणि तिला बरं वाटलं.

कळा लागल्या त्या सकाळच्या धारांच्या वेळी. चौथी म्हैस चालू होती. पाठीतून एक कळ निघून ओटीपोटात उतरली तशी धाकटीने कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं आणि दात दाबून थांबली. कळ ओसरल्यावर पुन्हा बोटं चालू. सहावी उरकूनच ती उठली, बादली गाळणीपाशी नेऊन ठेवली आणि मग थोरलीला म्हणाली, "ताई, चला."

"लागल्या?"

"मघाशीच लागल्यात."

"आणि तू बादल्या वाहत बसलीस! कमाल आहे बाई तुझी." पण थोरलीच्या आवाजात कौतुक होतं.

दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधल्या जागेत, गोणपाटावर बसून दोघी निघाल्या. तिचा नवरा पुढे बसला. खड्डा आला की कॅन खडखडायचे, आणि प्रत्येक कळेला थोरली तिच्या कमरेवर मूठ दाबून धरायची. त्या जड हाताचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होत होता.

आठ वाजता डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "तीन सेंटीमीटर उघडलंय. छान आहे. पडून राहू नकोस, चाल." धाकटी चालायला लागली. व्हरांडा सोळा पावलांचा होता. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला खिडकी, खिडकीखाली बाजाराचा रस्ता. कळ आली की ती खिडकीचे गज धरायची. खाली माणसं टोपल्या घेऊन, सायकली ढकलत चालली होती. आज आपण इथे काय करतोय ते यांतल्या कुणालाही माहीत नाही याची तिला गंमत वाटली. तिला आनंद झाला होता. कळा येत होत्या, आपोआप येत होत्या, तिच्या स्वतःच्या होत्या.

दहाला पुन्हा तपासलं. "चार."

अकरालाही चारच.

शेजारच्या खाटेवर शिंप्याची बायको होती. पहिलटकरीण, एवढीशी पोर. ती आल्यापासून आईच्या नावाने गळा काढत होती, आणि तिच्या कळा मात्र मधेच थंडावल्या होत्या. सिस्टरने तिच्या हाताला सलाईन लावलं, एक बारीक बाटली फोडली, औषध सुईत ओढलं आणि सलाईनमध्ये सोडलं. रिकामी बाटली तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बाटली वेगळी होती, पट्टी वेगळ्या रंगाची होती, पण पट्टीवरचं नाव धाकटीने ओळखलं. रोज दोन वेळा डोळ्यांसमोर असलेलं नाव माणूस विसरत नाही.

"हे कशाला दिलंत सिस्टर?"

"कळा वाढायला."

"मग मलाही द्या की."

"तुला नाही. बाईंनी सांगून ठेवलंय, हिला द्यायचं नाही म्हणून."

"का पण?"

"ते त्यांना विचार. मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही." आणि सिस्टर शिंप्याच्या बायकोचे पाय धरायला वळली.

डॉक्टरीणबाई आल्या, पण त्या शिंप्याच्या बायकोसाठी. पडदा ओढला गेला. मधून नुसते आवाज येत होते, "जोर लाव, अजून, अजून, शाब्बास." सव्वाबाराला पडद्याआडून बाळ रडलं. धाकटी खिडकीचे गज धरून ते रडणं ऐकत होती. तिच्या मागून आलेली पोर, आईच्या नावाने रडून, एक सलाईन लावून बाळंत झालीसुद्धा.

हात पुसत डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. तपासलं. चेहरा उतरला. "चारच आहे अजून. हे बघ, भुलीचे डॉक्टर दोनला येतात आणि चारला परत जातात. ते गेले की उद्या सकाळपर्यंत इथे भूल द्यायला कुणी नाही. तेव्हा दोन वाजेपर्यंत बघू. सरकलं नाही तर आत घेणार."

"बाई, अजून थोडा वेळ..."

"दोन वाजेपर्यंत," म्हणून त्या खाली गेल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.

थोरली म्हशींना पाणी दाखवायला घरी निघाली होती. टेम्पो खाली उभा होता, अर्ध्या तासात जाऊन येणं होत होतं. धाकटीने तिचा हात धरला.

"ताई, येताना कोनाड्यातली एक बाटली आणा. आणि एक कोरी सुई."

थोरली बघतच राहिली. "वेड लागलंय का तुला?"

"त्या शिंप्याच्या बायकोला तेच दिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. माणसांचंच औषध आहे ते ताई, आपण उगाच म्हशींचं म्हणतो."

"मग बाई तुला का देत नाहीत?"

"घाबरतात. एकदा फाडलेली बाई म्हणजे डोक्याला ताप नको, म्हणून." हे बोलताना तिला स्वतःलाच कसंतरी झालं. पण दोन वाजायला दीड तास उरला होता.

"आणि काही झालं म्हणजे?"

"म्हशींना काय होतं?"

म्हशींना खरंच काही होत नव्हतं. ती खालमानेने जिना उतरली. नाही म्हणाली नाही आणि हो देखील म्हणाली नाही.

ती परत आली तेव्हा एक वाजला होता. तिने नुसती मान हलवली. धाकटीचा नवरा खाली औषधाच्या दुकानाशी बसला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. दोघी व्हरांड्याच्या टोकाच्या मोरीत गेल्या आणि कडी लावून घेतली. जागा एवढीशी, एक नळ, एक पालथी बादली, भिंतीला ओल. धाकटी बादलीवर बसली. बाटली तिनेच फोडली, सुईत औषध तिनेच ओढलं, सुईतली हवाही सवयीने काढली. "म्हशीच्या निम्मंच घेते," ती म्हणाली. पण तेवढ्यात कळ आली आणि सुई तिने थोरलीपुढे धरली.

"तुम्ही टोचा."

"मला नाही जमत गं. म्हशी लाथा मारतात मला."

"मी नाही मारत."

थोरलीने डोळे बारीक केले आणि मांडीत सुई खुपसली. धाकटीच्या तोंडून हाय निघाली. "म्हशी उगाच नाही हिसडे देत," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, दोघींना हसू फुटलं. थोरली तोंडावर हात दाबून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. चार वर्षांत त्या दोघी अशा कधी हसल्या नव्हत्या.

आणि औषध लागू पडलं. दहा मिनिटांत कळा जवळ जवळ यायला लागल्या, जोरदार, भरीव. दीड वाजता डॉक्टरीणबाई आल्या आणि तपासताना त्यांचा चेहरा खुलला. "अगं, सहा झालं! बघ, म्हटलं होतं की नाही मी?" त्या हसल्या की बऱ्या दिसतात हे धाकटीला तेव्हा कळलं. थोरली फरशीकडे बघत उभी होती.

मग मधली उसंत संपली. एक कळ ओसरायच्या आत तिच्या अंगावर दुसरी, दुसरीच्या अंगावर तिसरी. श्वास घ्यायला जी जागा असते ती राहिली नाही. पोट दगड झालं ते सैल पडेचना. धाकटीने थोरलीचं मनगट एवढं आवळलं की बांगडी वाकली. "ताई, थांबत नाहीये. ही थांबतच नाहीये." म्हशीच्या अंगातलं औषध काढून घेता येत नाही, तसंच तिच्याही अंगातलं येणार नव्हतं, आणि हे त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं.

दोनला दहा कमी असताना आत काहीतरी फाटलं. जुनी चादर ताणून फाडावी तसं तिला जाणवलं, आणि त्यानंतर सगळं शांत झालं. कळ गेली. इतकं बरं वाटलं की तिने डोळे मिटले. झालं, जमलं, असं तिला वाटलं. "झालं का ताई?" तिने विचारलं. सिस्टर तिच्या पोटावर ठोके ऐकायचं यंत्र इकडून तिकडे फिरवत होती, वर, खाली, पुन्हा वर, आणि यंत्रातून नुसती खरखर येत होती. पोटाचा आकार बदलला होता. डॉक्टरीणबाईंनी एकदा पोटावर हात ठेवला आणि त्या ओरडल्या. त्यांचा तो आवाज पूर्वी कुणी ऐकला नव्हता. भुलीचे डॉक्टर नुकते जिना चढून येत होते, हातात पिशवी, तसेच ते आत पळाले.

धाकटी शुद्धीवर आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. तोंड कोरडं पडलं होतं. पोट पट्ट्यांनी बांधलेलं होतं. थोरली स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. मांडीवर दुसरं काही नव्हतं.

"मुलगा होता," नवरा पायाशी उभा राहून म्हणाला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण ते जमेना तसा तो बाहेर गेला.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या. कधी बसायच्या नाहीत. केसांत पेन नव्हतं. "आतला जुना टाका उसवला. पिशवी शिवण्यासारखी राहिली नव्हती, काढावी लागली. तू वाचलीस हेच खूप. मी दोन वाजेपर्यंत थांबायलाच नको होतं. सहा सेंटीमीटर बघून मला आनंद झाला, तिथेच मी फसले. एवढ्या झपाट्याने कळा वाढल्या तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझी आहे. तुझी काही नाही." बावीस वर्षं बायकांची बाळंतपणं करणारी बाई, चादरीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

धाकटीने तोंड उघडलं. दारात थोरली थर्मास घेऊन उभी होती. ऐकत होती. तिच्या चेहऱ्यात रक्ताचा थेंब नव्हता. तिला दोन पोरं होती. सुई कुणी टोचली असं विचारलं असतं तर उत्तर एकच होतं. धाकटीने तोंड मिटलं आणि भिंतीकडे मान फिरवली. बाईंना वाटलं, पोरगी रडते आहे. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात तिला सोसवेना.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. सकाळी उठली तर अंगातला झगा ओला, छाती दगडासारखी. सिस्टर म्हणाली, "घट्ट बांध, गोळी देते, चार दिवसांत आटेल." धाकटी भिंत धरत धरत मोरीत गेली, त्याच मोरीत, आणि नळाखाली वाकून स्वतःला पिळत राहिली. हाताला सवय होती. पांढरी धार फरशीवरून वाहत जाळीत जात होती. पारडं गेलेली म्हैस निदान दूध चोरून धरते, आपल्या अंगाला तेवढीही समज नाही, असं तिला वाटलं आणि ती तिथेच खाली बसून मोठमोठ्याने रडली. बाहेरून थोरली नुसती कडी वाजवत राहिली.

आठव्या दिवशी घरी आणलं. सासूबाईंनी पहिल्यांदाच तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी चिमीला जवळ ओढून घेतलं आणि तिच्या डोक्याचा मुका घेतला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. नवरा तिच्याशी नीट वागायचा. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा, पांघरूण सारखं करायचा, आणि नजरेला नजर देत नसे. त्याला तिचा राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आतल्या खोलीत पडल्या पडल्या तिला गोठा ऐकू यायचा. अकरा म्हशी पुन्हा एकट्या थोरलीवर आल्या होत्या. त्यातल्या तीन दूध देईनात, कारण थोरलीने सुईला हात लावायचं सोडलं होतं. एकदा थोरलीचा नवरा तिच्यावर ओरडताना धाकटीने ऐकलं. "बाटल्या पडल्यात ना भरपूर? मग टोचत का नाहीस?"

"हात दुखतो माझा."

"पिळताना नाही दुखत?"

"पिळतानाही दुखतो," थोरली म्हणाली आणि बादली आपटली.

त्या दुपारी ती धाकटीचे केस विंचरायला आली. गुंता सोडवता सोडवता हळूच म्हणाली, "धाकटे, मी बाईंना जाऊन सांगू?"

"काय सांगणार?"

"आपण काय केलं ते. त्या स्वतःला लावून घेतायत गं. सिस्टर म्हणत होती, जेवत नाहीत धड."

"मागितली मी होती ताई."

"टोचली मी."

"सांगितलंत तर पुढे काय? तुम्हाला धरून नेतील. तुमची पोरं कोण बघणार? माझ्याकडे बघा जरा, मी बघणार?" मग म्हणाली, "सांगून तो परत येणार आहे का?"

थोरलीने मनगटाने नाक पुसलं आणि वेणी घालायला घेतली. नेहमीपेक्षा घट्ट घातली. त्यानंतर तो विषय दोघींनी काढला नाही.

बाराव्या दिवशी टाके काढायला बोलावलं होतं. टेम्पोने खाली सोडलं, जिना चढताना थोरलीने तिच्या काखेत हात घातला. पायरीला थांबत थांबत वर पोचल्या. तपासणीच्या खोलीत कुणीतरी होतं, म्हणून त्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. पडदा अर्धाच ओढलेला होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"पण बाई, मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, तुझं जमेल म्हणून."

"म्हणाले होते."

"माझाही छेद आडवाच आहे. कागदावर आहे तसं. तीन वर्षं झाली."

"आडवा असो नाही तर उभा. एकदा ऑपरेशन झालेल्या बाईचा प्रयत्न मी आता करत नाही. यापुढे कुणाचाच नाही." डॉक्टरीणबाईंचा आवाज सपाट होता.

"मी दिवसभर उभी राहून इस्त्री करते हो. सात किलोची इस्त्री. मागच्या वेळी चार महिने उचलता आली नाही, तर सगळी गिऱ्हाइकं गेली. एकदा बघू तरी द्या मला."

"तुला समजत नाही का? माझ्या हातून एक बाळ गेलंय. बाहेर जाऊन सिस्टरकडून तारीख घे."

पडदा सरला आणि इस्त्रीवाली बाहेर आली. पोट समोर, कागद हातात, उजव्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग. तिने धाकटीकडे बघितलं, तिने पोटाशी धरलेल्या हाताकडे बघितलं, आणि तिला उमगलं. ती सावकाश तिच्या शेजारी टेकली.

"तुम्हीच का त्या?"

धाकटीने मान हलवली.

"फार वाईट झालं हो. ऐकल्यापासून घास उतरत नाही." मग अगदी जवळ सरकून म्हणाली, "रागावू नका, पण एक विचारू? ते आपोआपच उसवलं का? म्हणजे काही जड उचललं होतंत, पडला होतात, काही खाल्लं-घेतलं होतं, असं काही होतं का? तसं काही असलं तर मी बाईंना सांगते की मी ते करणार नाही. पाया पडते त्यांच्या. त्या ऐकतील. फक्त कारण कळायला हवं."

थोरलीचा हात धाकटीच्या दंडावर होता. तो आधी आवळला गेला. मग सैल पडला आणि बाजूला झाला. थोरलीने तो आपल्या मांडीवर ठेवला आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. आता जे काय ते एकट्या धाकटीचं होतं.

आतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, "पुढची कोण?"

इस्त्रीवाली तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे मोठे आणि काळे होते, आणि त्यांत अजून आशा होती. बारा दिवसांपूर्वी खिडकीचे गज धरून उभं असताना आपलेही असेच असतील, असं धाकटीला वाटलं. तिने ओठ ओले केले.

"काही नाही केलं," ती म्हणाली. "आपोआपच झालं."

इस्त्रीवालीने लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. "मग बरंय," ती म्हणाली, आणि तिला खरंच जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "म्हणजे आपल्या हातात नसतंच ते." तिने धाकटीचा हात क्षणभर दाबला, बाकाचा आधार घेत उठली आणि सिस्टरच्या टेबलापाशी गेली.

"सोमवार देऊ?" सिस्टरने वही उघडली.

"सोमवारी नको हो, हॉटेलच्या चादरी असतात. मंगळवार लिहा."